सिंथेटिक इंजिन ऑइल : चैन, गरज की गुंतवणूक?

वाहन ही आता केवळ श्रीमंतांची मिरासदारी राहिलेली नाही. नोकरदाराला ते वेळेवर कामावर पोहोचविते, व्यावसायिकाला चार पैसे मिळवून देते आणि टॅक्सीचालकाच्या तर संपूर्ण संसाराचा भार वाहते. अशा वाहनासाठी कर्ज घेताना आपला ग्राहक अत्यंत चोखंदळ असतो. व्याजदरातील पाव टक्क्याच्या फरकासाठी तो चार बँकांत चौकशी करतो, विम्याच्या हप्त्याची तुलना करतो, प्रक्रिया शुल्कात सवलत मागतो. परंतु वाहन घरी आल्यानंतर, सर्व्हिसिंगच्या वेळी ‘साधे ऑइल टाकू की सिंथेटिक?’ असा प्रश्न आला की हाच चोखंदळ ग्राहक गोंधळतो आणि ‘तुम्हाला योग्य वाटेल ते टाका’ असे सांगून मोकळा होतो. दरवर्षी येणारा, दहा-पंधरा वर्षे चालू राहणारा हा खर्च आपण विचार न करताच करीत असतो.

या विषयावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते सिंथेटिक तेल म्हणजे इंजिनाला लाभलेले अमृतच; ते घातले की इंजिनाचे आयुष्य दुप्पट झाले म्हणून समजावे. दुसऱ्या पक्षाच्या मते हा निव्वळ नावाचा खेळ असून चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लावण्याचा प्रकार आहे. माझ्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. सिंथेटिक तेलाचे गुण खरे आहेत. मात्र त्या गुणांचे मोल प्रत्येक वाहनाला सारखे नाही. ज्या इंजिनाला त्यांची आवश्यकता आहे तेथे काटकसर करणे घातक, आणि जेथे ती नाही तेथे जादा पैसे मोजणे निरर्थक. आपले वाहन कोणत्या गटात मोडते हे ओळखणे, एवढाच खरा प्रश्न आहे.

तेलाचे कार्य आणि त्यातील घटक

इंजिन ऑइल केवळ घर्षण कमी करते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याची कामे अनेक आहेत. पिस्टन व बेअरिंग यांची उष्णता वाहून नेणे, ज्वलनातून निर्माण होणारी काजळी व आम्ले आपल्यात सामावून घेणे, धातूला गंजण्यापासून वाचविणे आणि पिस्टन रिंगच्या फटी बंद राखणे, ही सर्व कामे ते एकाच वेळी करीत असते.

या तेलात प्रामुख्याने दोन घटक असतात. पहिला घटक म्हणजे मूळ तेल, ज्यास व्यवसायात ‘बेस ऑइल’ म्हणतात. दुसरा घटक पूरक रसायनांचा. मूळ तेलाचा वाटा सामान्यतः तीन-चतुर्थांशाहून अधिक असतो. साधे व सिंथेटिक हा भेद प्रामुख्याने या मूळ तेलाचा आहे. कच्च्या तेलाचे शुद्धीकरण करून मिळते ते खनिज तेल. त्यात लहानमोठ्या आकाराचे नाना प्रकारचे रेणू, थोडे मेण व थोडे गंधक शिल्लक राहते. याउलट, रासायनिक प्रक्रियेने जवळपास सारख्याच बांधणीचे रेणू घडवून तयार केले जाते ते सिंथेटिक तेल. रेणूंमध्ये एकसारखेपणा असल्याने ते उष्णतेत लवकर बिघडत नाही, त्याची वाफ कमी होते आणि कडाक्याच्या थंडीतही ते वाहते राहते.

नावात काय आहे?

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट अर्थात एपीआय या संस्थेने मूळ तेलांचे पाच गट पाडले आहेत. पहिल्या दोन गटांत प्रचलित खनिज तेले येतात. चौथ्या गटात पॉलिअल्फाओलेफिन हे पूर्णतः कृत्रिमरीत्या घडविलेले तेल येते, तर एस्टर व इतर प्रकार पाचव्या गटात मोडतात. वादाचा विषय आहे तो तिसरा गट. हे तेल खनिज तेलापासूनच बनते. परंतु हायड्रोजनच्या साहाय्याने उच्च दाबाखाली त्याचे इतके संस्करण केलेले असते की त्याचे गुणधर्म कृत्रिम तेलाच्या जवळ जातात.

अशा तेलास सिंथेटिक म्हणावे काय, यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल या दोन नामवंत कंपन्यांत अमेरिकेत वाद झाला. तेथील जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने १९९९ मध्ये तिसऱ्या गटातील तेलास सिंथेटिक म्हणता येईल, असा कौल दिला. तेव्हापासून या शब्दाची व्याप्ती वाढली. आज दुकानातील फळीवर ‘फुली सिंथेटिक’ असे छापलेल्या दोन डब्यांतील मूळ तेले एकाच गटातील असतीलच असे नाही. ‘सेमी सिंथेटिक’ डब्यात सिंथेटिक अंश किती, हे तर बहुधा डब्यावर लिहिलेलेही नसते.

यावरून सर्व सिंथेटिक तेले फसवी आहेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. तिसऱ्या गटातील तेलही उत्तम प्रतीचे असते. सांगण्याचा मुद्दा एवढाच की ‘सिंथेटिक’ हा शब्द म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र असते ते डब्यावरील बारीक अक्षरांत. एसएई श्रेणी तेलाचा दाटपणा सांगते आणि एपीआयची अक्षरे त्याची कार्यक्षमता सांगतात. पेट्रोल इंजिनासाठी ‘एसएन’ ही श्रेणी २०१० मध्ये, तर ‘एसपी’ ही श्रेणी २०२० मध्ये आली. ही परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी मूळ तेल कोणत्या गटाचे असावे, याची अट नाही. तेलाने इंजिनात काय कामगिरी केली, हेच तेथे पाहिले जाते. नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराची पदवी पाहण्याऐवजी त्याचे गाव विचारणे जितके योग्य, तितकेच श्रेणी न पाहता केवळ ‘सिंथेटिक’ शब्दावर भाळणे योग्य म्हणावे लागेल.

हवामानाचा प्रश्न

सिंथेटिक तेलाचा सर्वांत निर्विवाद गुण म्हणजे थंडीतील प्रवाहीपणा. ‘५डब्ल्यू-३०’ यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर ‘विंटर’ या शब्दाचे. एसएईच्या मानकानुसार २०डब्ल्यू तेलाची थंड अवस्थेतील चाचणी उणे १५ अंश सेल्सिअसला होते, १५डब्ल्यूची उणे २० अंशांना, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना आणि ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांना. लेह किंवा द्रास येथे हिवाळ्यात वाहन चालविणाऱ्यास या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे साधे दाट तेल पहाटे घट्ट होऊन बसते आणि इंजिन सुरू होताना पहिले काही क्षण वंगणाविना जातात. इंजिनाची बरीचशी झीज नेमकी अशाच क्षणी होते. पुणे, नागपूर, हैदराबाद वा चेन्नई येथील वाहनधारकाला मात्र उणे ३० अंशांतील प्रवाहीपणासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. ‘आपल्याकडे ऊन फार, तेव्हा तेल दाटच हवे’ असे अनेक जुने मेकॅनिक सांगतात. श्रेणीतील दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या दाटपणाशी संबंधित असतो. इंजिन एकदा तापले की थर्मोस्टॅट व शीतनयंत्रणा त्याचे तापमान ठरावीक मर्यादेत राखतात. बाहेर २० अंश असोत वा ४५. ज्या नव्या इंजिनांतील फटी ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ तेलासाठीच आखलेल्या आहेत, तेथे केवळ उन्हाच्या भीतीने दाट तेल घालणे म्हणजे इंधनाचा अपव्यय होय.

प्रयोगशाळेतील गुण आणि रस्त्यावरील लाभ

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या वाहनधारकांच्या संघटनेने २०१७ मध्ये साध्या व सिंथेटिक तेलांच्या तुलनात्मक चाचण्या प्रसिद्ध केल्या. उष्णता, बाष्पीभवन, गाळ, थंडीतील वहन अशा कसोट्यांवर सिंथेटिक तेले सरासरी ४७ टक्के सरस ठरली. सरासरी अमेरिकन वाहनधारकास त्यासाठी वर्षाला सुमारे ६४ डॉलर जादा पडतात, असेही त्या संघटनेने म्हटले होते.

हा आकडा विक्रेत्यांच्या फार आवडीचा आहे. तथापि ४७ टक्के सरस तेल म्हणजे ४७ टक्के अधिक आयुष्याचे इंजिन, असे समीकरण मांडता येत नाही. विहिरीतून घागर ओढण्यास वीस किलोचा भार पेलणारा दोर पुरेसा असेल, तर शंभर किलो पेलणाऱ्या दोराने पाणी अधिक येत नाही. अधिक बळकट दोराचा उपयोग भार वाढेल तेव्हाच. तेलाचेही तसेच आहे.

प्रत्यक्ष हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अशा वेळी कागद-पेन्सिल घ्यावी हे उत्तम. पुढील दर केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे दर घालून पाहावेत. मोटारीत साडेतीन लिटर तेल लागते, साधे तेल ३५० रुपये व सिंथेटिक ७०० रुपये लिटर आहे, फिल्टर व मजुरी मिळून ६०० रुपये होतात, असे मानू. म्हणजे साध्या तेलाची एक बदली १,८२५ रुपयांना व सिंथेटिकची ३,०५० रुपयांना पडेल. फरक १,२२५ रुपयांचा. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि गाडीची सरासरी १५ किलोमीटर धरू.

पहिला ग्राहक नोकरदार. त्याची गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर धावते व वर्षातून एकदा तेल बदलते. त्याचा पेट्रोलखर्च सुमारे ६६,७०० रुपये. तेलावरील जादा १,२२५ रुपये केवळ इंधनबचतीतून भरून यावयाचे, तर पेट्रोलमध्ये १.८४ टक्के बचत व्हावयास हवी. हा त्याचा समतोल बिंदू. येथे ध्यानात ठेवावे की इंधनाची बचत मुख्यतः तेलाच्या पातळपणामुळे होते, सिंथेटिक असण्यामुळे नव्हे. त्याच दाटपणाचे साधे तेल काढून सिंथेटिक घातल्यास एवढी बचत होण्याची आशा धरू नये.

दुसरा ग्राहक निवृत्त गृहस्थ. गाडी वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर धावते. तरीही वर्ष संपले की तेल बदलावेच लागते, कारण अल्प अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि तेलात आर्द्रता व न जळलेले इंधन साचत जाते. त्यांचा पेट्रोलखर्च २६,७०० रुपये. समतोल बिंदू जवळपास ४.६ टक्क्यांवर जातो. गाडी जितकी कमी धावते तितके महाग तेल अधिक महाग पडते. ‘गाडी फारशी वापरत नाही, निदान तेल तरी उत्तम घालू’ ही भावना स्तुत्य असली, तरी साधे तेल चालणाऱ्या गाडीबाबत हिशेब तिच्या विरुद्ध जातो.

तिसरा ग्राहक टॅक्सीचालक. वर्षाला ४०,००० किलोमीटर, म्हणजे तीन वर्षांत १,२०,०००. दर १०,००० किलोमीटरला साधे तेल बदलल्यास बारा बदल्या, खर्च २१,९०० रुपये. उत्पादकाने सिंथेटिक तेलावर १५,००० किलोमीटरची मुभा दिली असेल, तर आठच बदल्या, खर्च २४,४०० रुपये. जादा खर्च अवघा २,५०० रुपयांचा. आणि गाडी चार वेळा कमी गॅरेजात गेली. प्रत्येक वेळी एक दिवस मोडतो असे धरले, तर दिवसाची निव्वळ कमाई ६२५ रुपयांहून अधिक असणाऱ्या चालकास सिंथेटिक तेल फायद्याचे ठरते. ज्याचा मासिक हप्ता टॅक्सीच्या कमाईतूनच भरावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नाही.

मात्र या हिशेबात एक महत्त्वाची अट आहे. बदलीचे अंतर वाढविण्याची मुभा उत्पादकाने दिलेली असली पाहिजे. आपल्याकडील अनेक मोटारींच्या पुस्तिकेत तेल कोणतेही असो, १०,००० किलोमीटर वा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशीच मर्यादा दिलेली असते. डब्यावरील जाहिरातीच्या भरवशावर ती ओलांडल्यास हमी धोक्यात येऊ शकते.

जेथे काटकसर नको

काही वाहनांच्या बाबतीत हा हिशेब मांडण्याचेही कारण नाही. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेथील उष्णतेने हलके तेल करपून कोळशाचा थर धरते. देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनंतर बहुसंख्य डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. कमी राख सोडणारे विशिष्ट श्रेणीचे तेल न वापरल्यास ही महागडी गाळणी अकाली तुंबते. ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ तेल सांगितलेल्या इंजिनांत तर पहिल्या गटातील खनिज तेलाला वावच नाही. अशा ठिकाणी पाचशे-हजार रुपये वाचविणे म्हणजे महसुली खर्च टाळून भांडवली खर्च ओढवून घेणे होय.

दुचाकीस्वारांसाठी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकीच आहेत. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर व क्लच यांना एकच तेल पुरते. मोटारींच्या तेलात घर्षण घटविणारी जी रसायने असतात त्यांमुळे तेलात बुडालेला क्लच घसरू लागतो. म्हणून मोटारसायकलसाठी ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ आणि गिअर नसलेल्या स्कूटरसाठी सामान्यतः ‘एमबी’ ही जपानी मानके पाहावीत. मोटारीचे उरलेले महागडे सिंथेटिक तेल मोटारसायकलमध्ये ओतणे ही बचत नव्हे. शंभर-सव्वाशे सीसीच्या, रोज दहा-वीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीस पुस्तिकेतील साधे तेल वेळेवर बदलणे पुरेसे असते.

विम्याचा युक्तिवाद

‘वर्षाला हजार-बाराशे रुपयांनी काय बिघडते? तो इंजिनाचा विमाच समजावा,’ असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. इंजिन उघडून पिस्टन व रिंग बदलण्याचा खर्च पाहता ही रक्कम किरकोळच आहे. परंतु विम्याचा हप्ता ठरतो तो जोखमीवर. योग्य श्रेणीचे साधे तेल वेळेवर बदलणाऱ्याच्या इंजिनाला वंगणापासून असलेला धोका मुळातच अल्प असतो. इंजिने बाद होतात ती बहुधा तेलाची पातळी खाली गेल्याने, बदली लांबविल्याने, चुकीची श्रेणी वापरल्याने किंवा बनावट तेलाने. या चारांपैकी एकाही कारणावर ‘सिंथेटिक’ हा शब्द उपाय नाही. उलट ‘महाग तेल घातले आहे, आता वर्ष-दीड वर्ष पाहावयास नको’ अशी बेफिकिरी त्यातून येण्याची शक्यता अधिक. तेच दरमहा शंभर रुपये आवर्ती ठेवीत टाकले, तर सहा टक्के व्याजदर धरून दहा वर्षांत सोळा हजारांहून अधिक रक्कम जमते, हेही नजरेआड करू नये.

खरेदी आणि विल्हेवाट

तेल कोणतेही घ्यावे, पण ते अधिकृत विक्रेत्याकडून, सीलबंद आणि पावतीसह घ्यावे. सील, उत्पादनाचा महिना, बॅच क्रमांक व कमाल किरकोळ किंमत डोळ्यांखालून घालावी. रिकामा डबा गॅरेजात तसाच सोडून येऊ नये; तो भोक पाडून निकामी करावा, अन्यथा त्याच डब्यातून उद्या कोणाच्या तरी माथी बनावट तेल मारले जाईल. काढलेले जुने तेल गटारात अथवा मातीत टाकणे हा तर सार्वजनिक अपराधच होय. वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे केंद्र शासनाचे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आहेत. तरी ते तेल योग्य ठिकाणी पोहोचावे, यासाठी आपले सहकार्य लागणारच.

समारोप

सारांश, वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेली श्रेणी ही पहिली कसोटी. ती केवळ सिंथेटिक तेलातच मिळत असेल तर किंमत न पाहता तेच घ्यावे. पुस्तिका दोन्हींना मुभा देत असेल, तर अतिथंड प्रदेश, सततची लांब धाव, अवजड ओझे किंवा घाटरस्ता यांपैकी काही आहे का ते पाहावे; असल्यास सिंथेटिक तेलावरील खर्च सत्कारणी लागतो. यांपैकी काहीच नसेल, गाडी साध्या इंजिनाची व बेताने धावणारी असेल, तर साधे तेल नियमाने बदलावे आणि त्याबद्दल मनात कमीपणा बाळगू नये. हात थोडा मोकळा सोडावयाचाच असेल, तर वेळेवरची बदली व चांगला फिल्टर यांवर आधी सोडावा.

आपल्या वाहनाची पुस्तिका बहुतेक घरांत कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी पडून असते. पुढील सर्व्हिसिंगपूर्वी तिचे ते एक पान उघडून वाचावे, एवढीच वाचकांस विनंती. कर्जाच्या करारपत्रावर सही करण्याआधी अटी वाचा, असे आम्ही बँकेचे लोक नेहमी सांगत असतो. तेलाच्या डब्यालाही तोच सल्ला लागू पडतो.